प्राण्यांकडून माणसांत साथ येते तेव्हा लोकांशी कसं बोलायचं

संध्याकाळी फोन येतो. एका वस्तीत आठवडाभरात बरीच जनावरं दगावली आहेत आणि तिथलेच तीन जण तापाने रुग्णालयात आहेत. नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत, अहवाल यायला दोन दिवस लागतील. मेलेल्या जनावरांचे फोटो मात्र कधीच मोबाइलवर फिरू लागले आहेत. उद्या सकाळी लोक तुम्हाला दोनच प्रश्न विचारणार आहेत: काय झालंय, आणि आम्ही काय करायचं?

हे काम ज्यांच्या अंगावर पहिल्यांदाच पडलं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही आरोग्य खात्यात नव्याने रुजू झालेले अधिकारी असाल, पशुवैद्यकीय विभागात असाल, स्थानिक प्रशासनात माहिती देण्याची जबाबदारी नुकतीच आली असेल किंवा स्वयंसेवी संस्थेतून मदतीला उतरला असाल. औषधोपचार आणि तपासण्या करणारे दुसरे आहेत. तुमचं काम लोकांना वेळेत, खरं आणि उपयोगी पडेल असं सांगण्याचं, आणि तितकंच त्यांच्याकडून ऐकून घेण्याचं.

आधी एक फरक समजून घ्या. इतर साथींची पहिली चाहूल बहुधा डॉक्टरला लागते. प्राण्यांकडून येणाऱ्या साथीत ती लागते जनावरं सांभाळणाऱ्याला. कोंबड्या मान टाकताहेत, शेळ्या गाभडताहेत, डुकरं खोकताहेत हे त्याला तुमच्या आधी दिसतं. पण बोललं तर सगळ्यात जास्त नुकसानही त्याचंच होतं. जनावरं मारली जातील, धंदा बसेल, शेजारी बोट दाखवतील. तुमचं प्रत्येक निवेदन तो एकच गोष्ट शोधत वाचतो: मी बोललो तर माझं काय होईल? त्याला वाटलं की गप्प राहणंच बरं, तर पुढची बातमी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हे एकच सूत्र आहे.

मलेशियात १९९८ च्या सप्टेंबरपासून डुक्करपालकांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. सुरुवातीला तो जपानी मेंदूज्वर समजला गेला. हा आजार डासांमुळे पसरतो, म्हणून लस दिली, धूरफवारणी झाली, लोकांना डासांपासून जपायला सांगितलं. पण जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो आणि इथे आजारी पडत होते डुकरांत काम करणारे मोठे पुरुष. डुकरंही खोकत होती, मरत होती. घाबरलेल्या पालकांनी डुकरं विकून टाकली आणि त्यांच्याबरोबर आजार दक्षिणेकडच्या भागात गेला. मार्च १९९९ मध्ये निपाह हा नवा विषाणू सापडला. त्या साथीत सुमारे २६५ माणसं आजारी पडली, १०५ दगावली आणि दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. निदान चुकू शकतं, विषाणू नवीन होता. पण "हे डासांमुळेच" असं ठामपणे सांगितल्यावर ज्याचे हात रोज डुकराच्या नाकातोंडाला लागत होते, त्याला सावध करणारा संदेशच उरला नाही.

पहिली पायरी: साथ नसताना करायची कामं

हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते राहून जातं.

एका कागदावर नावं आणि फोन नंबर लिहा: आरोग्य अधिकारी, पशुवैद्यक, वन्यजीव विभाग, प्रयोगशाळा, पोलीस, पाणी आणि स्वच्छता, मोठ्या रुग्णालयांतले साथरोगाचे डॉक्टर. प्रत्येकासमोर दुसऱ्या माणसाचं नाव हवं, कारण साथ रजेच्या दिवशीही येते. निवेदनावर अंतिम सही कोणाची आणि रात्री अकरा वाजता ते नसतील तर कोणाची, हे लेखी ठरवून ठेवा. पहिलं निवेदन रखडतं ते माहिती नसते म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते पाच टेबलांवरून फिरत असतं.

पशुवैद्यक आणि माणसांचे डॉक्टर यांची ओळख साथीच्या दिवशी पहिल्यांदा व्हायला नको. न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या उन्हाळ्यात कावळे मरून पडत होते आणि नंतर माणसांमध्ये मेंदूज्वर दिसला. ३ सप्टेंबरला अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की हा सेंट लुइस मेंदूज्वर आहे. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा यांना हे पटेना, कारण त्या आजारात पक्षी सहसा मरत नाहीत आणि त्यांच्याकडचे पक्षी तर मरत होते. त्यांना दाद मिळायला वेळ लागला. महिना संपता संपता कळलं की हा वेस्ट नाइल विषाणू आहे, तोवर त्या खंडात कधीही न दिसलेला. म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांचा एक सामायिक व्हॉट्सअॅप गट आणि महिन्यातून अर्ध्या तासाची बैठक, एवढं तरी आजच सुरू करा.

तुमच्या भागात येऊ शकणाऱ्या चार-पाच आजारांसाठी निवेदनाचे मसुदे तयार ठेवा: रेबीज, बर्ड फ्लू, लेप्टोस्पायरोसिस, अँथ्रॅक्स, जे लागू असतील ते. तारीख, ठिकाण आणि आकडे यांच्या जागा मोकळ्या सोडा. तिथे ज्या ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत ते लिहून घ्या. जनावरांच्या कामावर बाहेरून आलेले मजूर असतील तर त्यांची भाषा सगळ्यात आधी, कारण जनावराला पहिला हात त्यांचा लागतो.

दुसरी पायरी: पहिलं निवेदन

अहवाल येईपर्यंत थांबू नका. पहिल्या निवेदनात आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही. त्यात पाच गोष्टी लागतात: काय माहीत आहे, काय माहीत नाही, आम्ही काय करत आहोत, तुम्ही काय करायचं, आणि आम्ही पुन्हा कधी बोलू. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात मी असं लिहीन:

"गेल्या सहा दिवसांत अमुक वस्तीतल्या तीन जणांना तीव्र ताप आल्यामुळे रुग्णालयात दाखल केलं आहे. याच वस्तीत काही जनावरंही मेली आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे अजून कळलेलं नाही. नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत आणि डॉक्टर व पशुवैद्यक मिळून घरोघरी जाऊन चौकशी करत आहेत. तोवर कृपया तीन गोष्टी करा. मेलेल्या जनावराला हात लावू नका, खाली दिलेल्या नंबरवर फोन करा, आमची माणसं येऊन ते नेतील. आजारी जनावर विकू नका, कापू नका, दुसरीकडे हलवू नका. ताप आला आणि अलीकडे आजारी जनावराजवळ गेला असाल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ज्यांच्या घरातलं माणूस आजारी आहे आणि ज्यांची जनावरं गेली आहेत, त्यांच्यावर काय गुजरत असेल याची आम्हाला जाणीव आहे. उद्या सकाळी ११ वाजता पुन्हा माहिती देऊ, नवीन काही कळलं नसलं तरी."

यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. पुढची बातमी कुठे आणि किती वाजता मिळेल हे माहीत असलं की लोक मधल्या वेळात भलतीकडे शोधत फिरत नाहीत. आणि वेळ दिली की ती पाळा. अकरा म्हणजे अकरा. सांगायला काही नसेल तर "अजून अहवाल आलेला नाही, आता संध्याकाळी ५ ला बोलू" एवढं तरी सांगाच.

"हे अजून कळलेलं नाही" असं म्हणायला नवख्यांना भीती वाटते. आपण अडाणी ठरू, असं वाटतं. पण लोक अज्ञान समजून घेतात, लपवाछपवी नाही. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली. या विषाणूचं मूळ उंटांमध्ये असलं, तरी तिथे तो रुग्णालयांतून पसरत होता. पहिल्या रुग्णाची खात्री २० मे रोजी झाली, पण कोणत्या रुग्णालयांत रुग्ण आहेत ती नावं सरकारने ७ जूनपर्यंत दिली नाहीत. नावं दिली तर घबराट पसरेल, हा विचार होता. पण नावं न दिल्यामुळे कुठे जायचं टाळावं हेच कळेना. लोकांनी स्वतःच रुग्णालयांच्या याद्या बनवून फिरवायला सुरुवात केली. त्या साथीत १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण गेले.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची आणीबाणीत बोलण्याची सहा तत्त्वं आहेत: लवकर बोला, बरोबर बोला, विश्वास बसेल असं बोला, दुःख ओळखा, कृती सांगा, मान राखा. पहिली दोन एकमेकांशी भांडतात, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. माझा अनुभवाचा निवाडा असा: जे ठामपणे माहीत आहे तेवढंच, पण लगेच. लवकर बोलण्याच्या नादात अंदाज बांधू नका आणि बरोबर बोलण्याच्या नादात गप्प बसू नका.

तिसरी पायरी: हाताला काम सांगा

"खबरदारी घ्या", "संपर्क टाळा", "दक्ष राहा". असे शब्द फलकावर शोभतात, पण वाचणाऱ्याच्या हाताला काही काम देत नाहीत. ज्याच्या घरी पंचवीस कोंबड्या आहेत त्याने "पक्ष्यांशी संपर्क टाळा" म्हणजे नेमकं काय करायचं?

चांगल्या सूचनेचा नमुना म्हणून मी नेहमी रेबीजचं वाक्य सांगतो: "प्राण्याने चावा घेतला तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा." कशाने, किती वेळ, कधी, पुढे काय, सगळं त्यात आलं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि त्याआधी उपचार झाले तर जवळपास नेहमी वाचतो. हे सगळं एका वाक्यात बसतं, मग बाकीच्या आजारांतही बसवायला हवं.

लिहायला बसताना आधी माणसं वेगळी करा. आजारी जनावराला चारा घालणारा, ते कापणारा, त्याचं मांस शिजवणारी, आजारी माणसाची सेवा करणारी, घरात मांजर पाळणारं मूल, तापाचा रुग्ण तपासणारा डॉक्टर. यांतल्या प्रत्येकाचा धोका वेगळा आहे आणि कृतीही वेगळी. बर्ड फ्लूमध्ये खाणाऱ्याला सांगायचं ते इतकंच, की मांस आणि अंडी आतपर्यंत नीट शिजवा, म्हणजे आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत जाईल. कच्चं मांस हाताळल्यावर हात आणि सुरी धुवा. पाळणाऱ्याला सांगायचं ते मात्र बरंच जास्त असतं: खुराड्यात जाताना मास्क आणि हातमोजे, तिथले बूट आणि कपडे तिथेच, मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही. दोघांना एकच पत्रक दिलं तर खाणारा उगाच घाबरतो आणि पाळणारा अर्धवट सावध होतो. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. तिथेही दोन वेगळी वाक्यं लागली: पाश्चरायझेशन केलेल्या दुधातला विषाणू निष्क्रिय होतो, कच्चं दूध पिऊ नका, आणि धार काढणाऱ्यांनी संरक्षक चष्मा लावा, कारण दुधाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात.

आणखी एक कसोटी लावा: मी सांगतोय ते या माणसाला खरंच जमणार आहे का? बांगलादेशात खजुरीच्या झाडाचा कच्चा रस पिण्यातून निपाह होतो, कारण रात्री वटवाघळं त्या रसाला तोंड लावतात. "रस पिऊ नका" हे सांगणं सोपं. पण वर्षानुवर्षांची सवय एका पत्रकाने सुटत नाही. तिथल्या संशोधकांनी पाहिलं की रस काढणारे काही जण झाडाच्या तासलेल्या भागावर आणि मडक्यावर बांबूचं झाकण बांधतात. रात्री कॅमेरे लावून खात्री केली गेली, की या झाकणामुळे वटवाघळं रसापर्यंत पोचत नाहीत. मग नुसत्या मनाईच्या जोडीला एक जमणारी गोष्टही सांगता आली. मनाई लिहिताना हाच प्रश्न विचारा: ही गोष्ट थांबवली तर त्याच्या जागी हा माणूस काय करेल? उत्तर नसेल तर सूचना अपुरी आहे.

चौथी पायरी: पशुपालकाशी बोलणं

इथे घाई करू नका, कारण साथ आटोक्यात येते की लपून पसरते, हे बरंचसं इथेच ठरतं.

जनावरं मारण्याचा निर्णय झाला असेल तर मालकाला तो बातम्यांतून कळता कामा नये. गाडी दारात उभी राहण्याआधी, शक्य तर त्याच्या ओळखीच्या पशुवैद्यकाने, समोर बसून सांगायला हवं. काय सांगायचं? कोणती जनावरं मारली जातील आणि का. कोणत्या पद्धतीने, आणि त्यांना कमीत कमी त्रास होईल यासाठी काय केलं जाईल. भरपाई किती, कोणत्या नियमाने, कोणत्या कागदांवर, किती दिवसांत. गोठा किंवा शेड किती दिवस रिकामं ठेवावं लागेल. पुन्हा जनावरं आणायची परवानगी कोण देईल. आणि घरच्यांची तपासणी कधी होईल. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर "विचारून उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या सांगा. भरपाईबद्दल मोघम बोलणं सगळ्यात घातक. "शासन योग्य तो निर्णय घेईल" हे वाक्य ऐकून मागच्या दाराने किती जनावरं रातोरात हलली असतील, याचा विचार करा.

ती जनावरं म्हणजे त्याचं भांडवल तर आहेच, पण त्यांतली काही त्याने नावाने हाक मारून वाढवलेली असतात. तो रडला, चिडला, तुम्हाला शिव्या दिल्या, तर ते वैयक्तिक घेऊ नका. थोडा वेळ नुसतं ऐका. धोक्याबद्दल बोलण्याच्या शास्त्रात पीटर सँडमन यांचं एक समीकरण प्रसिद्ध आहे: लोकांना जाणवणारा धोका म्हणजे प्रत्यक्ष हानी अधिक संताप. हानी आकड्यांनी समजावता येते, संताप आकड्यांनी वाढतो. "तुमच्या दोनशे कोंबड्यांमुळे लाखो लोकांचा जीव वाचेल" असं त्या क्षणी म्हणू नका. ते खरं असलं तरी नको.

आता नाजूक प्रश्न: लागण झालेल्या गोठ्याचं ठिकाण जाहीर करायचं की नाही? नेदरलँड्समध्ये २००७ पासून शेळ्यांमधून क्यू फीवर हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरला. २०१० पर्यंत चार हजारांहून जास्त माणसांमध्ये तो नोंदला गेला. लागण झालेल्या फार्मचे पत्ते खासगीपणाच्या कारणावरून बराच काळ जाहीर केले गेले नाहीत, त्यामुळे शेजारी राहणाऱ्यांना आणि तिथल्या डॉक्टरांनाही धोका कुठे आहे हे कळत नव्हतं. मला वाटतं रेष इथे आखावी: लोकांना स्वतःला जपायला जेवढं लागतं तेवढं ठिकाण सांगायचं, म्हणजे भाग, परिसर, किती किलोमीटरपर्यंत. मालकाचं नाव, घराचा फोटो, त्याचा फोन, त्याची जात किंवा धर्म यांपैकी काहीही नाही. डॉक्टर आणि पशुवैद्यकांना मात्र नेमका पत्ता लगेच कळवायचा. आणि मालकाला आधी सांगून ठेवायचं की उद्या एवढं एवढं जाहीर होणार आहे, म्हणजे सकाळी पत्रकार दारात आले तर तो भांबावणार नाही.

सार्वजनिक निवेदनात त्याचे आभार माना, नाव न घेता. "एका पशुपालकाने वेळेत कळवल्यामुळे आम्हाला लगेच तपासणी करता आली." हे वाक्य बाकीचे सगळे पशुपालक वाचतात. त्यांच्या मनातल्या "बोललो तर काय होईल" याचं ते पहिलं चांगलं उत्तर असतं.

पाचवी पायरी: नाव आणि चित्र

आजाराला प्राण्याचं नाव चिकटलं की त्या प्राण्यावर संकट येतं, आणि त्याच्यावर जगणाऱ्या माणसांवरही. २००९ मध्ये "स्वाइन फ्लू" हा शब्द जगभर पसरला. तो माणसाकडून माणसाला होत होता, तरी इजिप्तने सुमारे तीन लाख डुकरं मारण्याचा आदेश दिला. कैरोत ही डुकरं कचरा गोळा करणाऱ्या गरीब कुटुंबांची होती आणि शहराचा ओला कचरा तीच खात. पुढे रस्त्यांवर कचरा साचला, कुटुंबांचं उत्पन्न गेलं, साथीवर काहीच परिणाम झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल संपताना ते नाव वापरणं थांबवलं, पण तोवर शब्द घराघरांत गेला होता. २०१५ मध्ये संघटनेने मार्गदर्शक सूचनाच दिल्या, की नव्या आजारांना प्राणी, ठिकाण, समाज किंवा माणसाचं नाव देऊ नये. तरी २०२२ मध्ये मंकीपॉक्सच्या वेळी ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांवर दगडफेक आणि विषप्रयोग केले. त्या साथीच्या प्रसाराशी माकडांचा संबंध नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आजाराला एमपॉक्स हे नाव सुचवलं गेलं.

तुमच्या हातात एवढंच: पहिल्या निवेदनापासून तटस्थ नाव वापरा, आणि लोकांच्या तोंडी दुसरं नाव असेल तर एकदा "ज्याला अमुक म्हटलं जातंय तो" असं जोडून पुढे तटस्थच ठेवा. प्राणी ठार मारून आजार जात नसेल तर तसं स्पष्ट लिहा. वटवाघळांना हुसकावलं तर ती उडून दुसरीकडे जातात, घाबरलेल्या अवस्थेत त्यांच्यातून विषाणू बाहेर पडण्याचा धोकाही वाढू शकतो. "त्यांना मारू नका, त्यांच्या झाडाखाली पडलेलं फळ उचलू नका" ही सूचना नुसत्या "वटवाघळांपासून सावध" या ओळीपेक्षा कितीतरी उपयोगी.

चित्रांबद्दल थोडक्यात: मेलेल्या जनावरांचे ढीग दाखवू नका, रुग्णाचा चेहरा दाखवू नका. जी कृती करायची तिचंच चित्र द्या.

सहावी पायरी: आकडे, खात्री आणि चुका

"संशयित", "संभाव्य" आणि "खात्री झालेला" हे तीन शब्द एकदा समजावून सांगा आणि पुढे त्यांची सरमिसळ करू नका. प्रत्येक आकड्यासमोर तो कधीपर्यंतचा आहे हे लिहा. आरोग्य आणि पशुवैद्यकीय विभागांचे आकडे एकाच वेळी, एकाच कागदावरून जावेत. दोन विभागांनी दोन आकडे सांगितले की लोक दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत.

"पूर्ण सुरक्षित आहे" हे शब्द वापरू नका. ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूला होणाऱ्या मॅड काऊ आजाराची चर्चा जोरात असताना मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बीफ बर्गर खाऊ घालायचा प्रयत्न केला. मार्च १९९६ मध्ये सरकारला संसदेत सांगावं लागलं, की माणसांमधला एक नवा जीवघेणा आजार बहुधा याच्याशी जोडलेला आहे. त्या एका दृश्याने मोडलेला विश्वास पुढे कित्येक वर्षं प्रत्येक सरकारी वाक्याच्या आड आला. "आतापर्यंत असा पुरावा मिळालेला नाही, आम्ही शोधत आहोत आणि मिळाला तर लगेच सांगू" हे वाक्य लांब आहे, पण सहा वर्षांनी गिळावं लागत नाही.

तुम्ही चुकलात तर? चुकाल. जुनी पोस्ट गुपचूप काढून टाकू नका. त्यावरच लिहा: "काल आम्ही असं सांगितलं होतं. नव्या तपासणीत असं दिसलं. म्हणून आता सूचना अशी आहे." तीन वाक्यं, सबबी नाहीत.

सातवी पायरी: अफवा ऐका

एक वही करा, किंवा स्प्रेडशीट. हेल्पलाइनवर आलेले प्रश्न, गटांतले संदेश, क्षेत्रभेटीत कानावर पडलेलं, सगळं रोज तिच्यात. संध्याकाळी ती वाचा आणि ठरवा, उद्याच्या निवेदनात कशाला उत्तर द्यायचं. दोन जणांत फिरणाऱ्या गोष्टीला जाहीर उत्तर दिलंत तर ती दोन हजारांत जाईल, तेव्हा तिच्यावर नजर ठेवा. एखादी गोष्ट लोकांचं वागणं बदलू लागली, म्हणजे ते दवाखान्यात यायचे थांबले किंवा जनावरं लपवू लागले, तर त्याच दिवशी बोला. उत्तर देताना आधी खरं सांगा, मग अफवेचा ओझरता उल्लेख करा, आणि पुन्हा खरं. अफवाच मथळ्यात टाकून तिच्यावर "खोटं" असा शिक्का मारण्याची पद्धत सोडा. लोकांना मथळा आठवतो, शिक्का नाही.

पण बऱ्याच अफवांच्या पोटात एक खरा प्रश्न असतो. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला पसरला तेव्हा सुरुवातीच्या संदेशांचा सूर होता, की हा आजार जीव घेतो आणि यावर औषध नाही. लोकांनी त्यातून सरळ अर्थ काढला: औषध नाही तर उपचार केंद्रात जायचं कशाला? रानातल्या प्राण्यांचं मांस खाऊ नका, यावरही खूप भर होता, पण तोवर आजार माणसाकडून माणसाकडे, सेवा करताना आणि अंत्यविधीत पसरत होता. केंद्रात गेलेली माणसं परत येत नव्हती, मृतदेह पिशवीत बंद करून नेले जात होते, आणि घरच्यांना काहीच दिसत नव्हतं. मग "तिथे अवयव काढतात" अशी बोलणी उठली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना जमावाने ठार मारलं. पुढे पद्धत बदलली. उपचार केंद्रांच्या कुंपणातून आतलं दिसेल अशी सोय झाली, बरे झालेले लोक स्वतः बोलू लागले, आणि अंत्यविधीत घरच्यांना सुरक्षित अंतरावरून प्रार्थनेला उभं राहू दिलं गेलं. म्हणून वहीतल्या प्रत्येक अफवेसमोर एक रकाना ठेवा: यामागची भीती कोणती, आणि आपल्या कामात काय बदललं तर ती कमी होईल?

पत्रकार आणि प्रवक्ता

रोज एकच चेहरा, एकच वेळ, शेजारी पशुवैद्यक. तीनच मुद्दे घेऊन जा. धोक्याबद्दल कसं बोलावं याचे अभ्यासक व्हिन्सेंट कोव्हेलो यांचा "२७ शब्द, ९ सेकंद, ३ मुद्दे" हा नियम या क्षेत्रात सगळे सांगतात. शब्द मोजत बसू नका, पण तीन मुद्द्यांची मर्यादा पाळा. न विचारलेलं सांगण्यापेक्षा विचारलेल्याचं उत्तर द्या, आणि "तुमच्या घरी तुम्ही काय करताय?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण तो प्रश्न हमखास येतो.

शेवटची पायरी: साथ संपली हेही सांगावं लागतं

सुरुवात जोरात जाहीर होते आणि शेवट कोणी सांगतच नाही. मग वर्षभराने लोक त्या वस्तीतल्या माणसाला अजून कामावर घेत नसतात. इबोलामध्ये शेवटचा रुग्ण निगेटिव्ह आल्यापासून ४२ दिवस, म्हणजे लागण होऊन लक्षणं दिसण्याच्या जास्तीत जास्त काळाच्या दुप्पट, वाट पाहून साथ संपल्याचं जाहीर करतात. तुमच्या आजारासाठी किती दिवस मोजायचे हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे लोकही तुमच्याबरोबर दिवस मोजतात. मग जाहीर करा: कोणते निर्बंध उठले, कोणते अजून आहेत, विलगीकरणातून बाहेर आलेल्यांपासून धोका नाही, आणि भरपाई किती जणांना मिळाली, किती जणांची बाकी आहे. ही शेवटची ओळ लिहायला अवघड वाटेल. तरी लिहा.

नंतर एक फोन करायचा राहतो. त्या पहिल्या संध्याकाळी ज्याने जनावरं मरताहेत म्हणून कळवलं होतं, त्याला. त्याच्या नमुन्यात काय सापडलं, त्याच्या कळवण्यामुळे काय टळलं, गोठ्यात पुन्हा जनावरं कधी आणता येतील, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे. आणि तो सांगेल ते लिहून घ्या: सुरुवातीला त्याने फोन करायला किती दिवस लावले, आणि का.